तळटीप : ‘डॉट कॉमचे प्लॉट’

१७. डॉट कॉमचे प्लॉट : जमिनीची उपमा चपखल आहे, सातबारा मात्र कोणी पाहत नसे. वेबसाइटचे नाव नोंदवायला सप्टेंबर १९९५पर्यंत पैसेच पडत नसत. त्यानंतर नेटवर्क सोल्यूशन्स ही अमेरिकी कंपनी दोन वर्षांचे १०० डॉलर घेऊ लागली. तरीही जो आधी येईल त्याचे नाव, हा रिवाज कायम राहिला आणि सट्टेवाल्यांना रान मोकळे मिळाले. ‘बिझनेस डॉट कॉम’ हे नाव १९९७मध्ये दीड लाख डॉलरना विकले गेले आणि १९९९मध्ये ७५ लाखांना, म्हणजे पन्नासपट भावाने.

लेखकाने पुढे सगळ्यांनाच ‘नावचोर’ म्हटले आहे, ते पटत नाही. ‘बिझनेस’सारखा सर्वांचा शब्द धरून ठेवणे ही साठेबाजी असेल, चोरी नव्हे. दुसऱ्याचे प्रसिद्ध नाव अडवणे वेगळे. त्याला १९९९मध्ये अमेरिकी कायद्याने आणि आयकॅन या संस्थेच्या तंटानिवारण धोरणाने चाप लावला. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ‘रेडिफ’च्या तक्रारीवरून ‘रॅडिफ’ या नावाच्या वापराला मनाई केली. रोमन लिपीत फरक एका अक्षराचा. आपल्या लिपीत तर नुसत्या मात्रेचा.
— संपादक