हाफकिन यांची लस आणि मुलकोवालची बाटली

१८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस प्लेगची सांथ सुरू झाली. वाल्डेमार हाफकिन यांनीं ग्रँट मेडिकल कॉलेजांतील लहानशा प्रयोगशाळेंत प्लेगचे जंतु वाढवून उष्णतेनें मारिले व त्यांची लस प्रथम सशांस टोंचली. मृत जंतूंशीं ओळख झालेलें शरीर जिवंत जंतूंशीं झुंजण्यास सिद्ध होतें, हें तिचें तत्त्व. १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं ती स्वतःस टोंचून घेतली.

१९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं ही लस टोंचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. ठपका प्रयोगशाळेवर आला आणि हाफकिन यांस अधिकारपदावरून दूर व्हावें लागलें. वस्तुतः ते सर्व दुर्दैवी जीव एकाच बाटलींतील लस घेतलेले होते; इतर बाटल्यांपासून कोणासहि धनुर्वात झाला नाहीं. ती एक बाटली उघडतेवेळीं चिमटा जमिनीवर पडला होता, आणि धनुर्वाताचे जंतु मातींतच राहतात. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनीं बाजू मांडल्यावर १९०७ सालीं हाफकिन दोषमुक्त ठरले.

१९२५ सालीं परळच्या प्रयोगशाळेस त्यांचें नांव देण्यांत आलें. लशीवरील लोकांचा विश्वास तिच्या गुणाइतकाच ती टोंचणाऱ्याच्या स्वच्छ हातावर अवलंबून असतो, हें मुलकोवालनें शिकविलें.