व्हूडू चिप आणि स्वस्थ बसलेले ग्राफिक्स कार्ड

१/ सन १९९६. अमेरिकेतील आर्केडमध्ये अटारी गेम्सचा ‘सॅन फ्रान्सिस्को रश’ दाखल झाला. चढउताराच्या रस्त्यांवरून हवेत झेपावणाऱ्या त्या मोटारींमागे थ्रीडीएफएक्स कंपनीची व्हूडू चिप होती. मेमरीचे भाव कोसळले आणि त्याच सुमारास ही चिप घरगुती संगणकांच्या कार्डांवरही आली.

२/ फेब्रुवारी १९९७ मध्ये इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी ‘मेम’ हा एम्युलेटर प्रसिद्ध केला. आरंभ पॅकमॅनच्या यंत्रापासून झाला. २२४ × २८८ बिंदूंचे ते चित्र मुख्य प्रोसेसरच तयार करी. कार्डाकडे केवळ ते पडद्यावर मांडण्याचे काम उरे.

३/ त्रिमितीय खेळ आले तरी मेमने ही रीत सोडली नाही. समज असा की कार्ड दमदार असले की जुना खेळ सुसाट धावतो. मेममध्ये तसे घडत नाही. मूळ चिप जशी वागली तशीच नोंदवायची, हा त्याचा आग्रह; आणि निरनिराळ्या कार्डांच्या गणितात बारीक फरक पडतात. म्हणून ‘रश’मधला प्रत्येक बिंदू प्रोसेसर मोजतो आणि व्हूडूहून कैकपटींनी समर्थ कार्ड शेजारी स्वस्थ बसते! ॲरन जाइल्स यांनी हे काम प्रोसेसरच्या अनेक गाभ्यांत वाटून दिले, तेव्हा कुठे वेग आला.

४/ ‘सुपरमॉडेल’ने दुसरी वाट धरली. सेगाच्या मॉडेल ३ यंत्रावरील खेळ तो ओपनजीएलद्वारे थेट कार्डाकडून रेखाटून घेतो. वेग मिळतो, पण मूळ यंत्र चौकोनही काढी आणि आजची कार्डे त्यांचे त्रिकोण करतात. त्यामुळे पृष्ठभागावरील नक्षी कधी वाकडी दिसते. खेळणाऱ्याला हे चालेल, इतिहासकाराला खटकेल.

५/ मेममध्ये कार्ड अगदीच निरुपयोगी नाही. जुन्या काचेच्या पडद्याचा फुगवटा आणि रेघा शेडरद्वारे तेच उभे करते. ‘मॉर्टल कॉम्बॅट’ची मूळ चित्रगती सेकंदाला सुमारे ५४.७, ६० हर्ट्झच्या पडद्यावर ती अडखळते. इथे गती जुळवून घेणारे कार्ड आणि मॉनिटर खरोखर उपयोगी पडतात.

६/ २००० च्या अखेरीस थ्रीडीएफएक्सने आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकण्याचे जाहीर केले. व्हूडू आता कोणी बनवत नाही. मेमचा सोर्स कोड मात्र २०१६ पासून मुक्त परवान्याखाली आहे, आणि ती चिप कशी वागत असे हे त्यात कोणालाही वाचता येते.