कडे चढायचा सीझन आणि घरट्यांचा सीझन एकच! कर्जतच्या डोंगरांत शिकारी पक्ष्यांसाठी कडा बंद ठेवावा का?

दिवाळी उलटली की कर्जत स्टेशनवर शनिवारी सकाळी दोन प्रकारच्या सॅक दिसायला लागतात. एक साधी, पाण्याच्या बाटल्या आणि चटई अडकवलेली. दुसरी जड, बाहेर हेल्मेट लटकतंय आणि वरच्या कप्प्यातून रोपचं वेटोळं डोकावतंय. ही दुसरी सॅकवाली मंडळी म्हणजे प्रस्तरारोहक, सोप्या भाषेत रॉक क्लायंबर. उल्हास नदीचा पूल ओलांडून दहिवलीत यायचं आणि पुढची गाडी धरायची. कुणी आंबिवलीला उतरून कोथळीगडाकडे जातं, कुणी सांडशीहून ढाक बहिरी आणि शेजारच्या कळकराय सुळक्याकडे. खालापूरच्या बाजूला इर्शाळगड आहेच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा यांचा सीझन. पावसाळ्यात कातळ निसरडा असतो, एप्रिल-मेमध्ये हात ठेवला तर भाजतो. मग उरतात थंडीचेच महिने.

अडचण अशी आहे की त्याच महिन्यांत, त्याच कड्यांच्या कपारीत, कुणीतरी अंडं घालून बसलेलं असतं.

कड्यावर राहतं तरी कोण?

गरुड, ससाणे, घारी, घुबडं, गिधाडं या सगळ्यांना मिळून शिकारी पक्षी म्हणायची पद्धत आहे. गिधाड शिकार करत नाही, मेलेलं खातं, पण मोजदाद त्याच गटात होते. यातले सगळेच कड्यावर राहत नाहीत. रायगड जिल्ह्यात म्हसळा-श्रीवर्धन भागात जी पांढऱ्या पाठीची गिधाडं आहेत, ती उंच झाडांवर घरटी बांधतात. त्यांचा आणि क्लायंबरचा संबंध येत नाही.

कड्यावर घरटं करणारं ते लांब चोचीचं गिधाड, म्हणजे भारतीय गिधाड. नोव्हेंबर-डिसेंबरच्या आसपास मादी कपारीत एक अंडं घालते. एकच. साधारण ५० दिवस ते उबवायचं आणि पिल्लू बाहेर आल्यावर ते उडेपर्यंत आणखी तीन-साडेतीन महिने जातात. म्हणजे एक घरटं जवळपास अख्खा हिवाळा आणि अर्धा उन्हाळा व्यापतं. ते अंडं गेलं तर त्या जोडीचं ते वर्ष बहुतेक वाया. शिवाय गिधाड वयात यायलाच पाचेक वर्षं लागतात.

दुसरा महत्त्वाचा रहिवासी म्हणजे शाहीन ससाणा. बहिरी ससाण्याची ही आपल्याकडची स्थायिक उपजात. (ढाकच्या बहिरीशी याचा संबंध नाही. तो बहिरी म्हणजे भैरव. पण दोघांचा मुक्काम कड्यावरच, हा योगायोग भारी आहे.) बहिरी ससाणा सूर मारतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या वर जातो आणि तो जगातला सगळ्यात वेगवान पक्षी मानला जातो. शाहीन घरट्यासाठी काड्या गोळा करत बसत नाही, कपारीतल्या मातीतच अंडी घालतो, साधारण तीन-चार. त्याची वीण गिधाडापेक्षा थोडी उशिरा, मुख्यतः जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान होते. बोनेलीज ईगल हा गरुड आणि शृंगी घुबड यांचीही वीण हिवाळ्यातलीच.

क्लायंबरची आणि पक्ष्याची निवड सारखी असण्यामागे साधं कारण आहे. सह्याद्रीचा कातळ म्हणजे लाव्हाचे थरावर थर. दोन थरांच्या मध्ये आडव्या खाचा आणि पायऱ्या तयार होतात. सरळसोट भिंतीवर ससाण्याला बसायला तीच जागा, दमलेल्या क्लायंबरला थांबून खालच्या जोडीदाराचा रोप सांभाळायलाही तीच जागा.

माणूस जवळ गेला तर बिघडतं काय?

कुणी घरट्यावर दगड मारत नाही. क्लायंबर तर शक्यतो त्या बाजूला बघतही नाही, त्याचं सगळं लक्ष पुढच्या पकडीकडे असतं. पण पक्ष्याला ते कळत नाही. खालून वर सरकणारा प्राणी म्हणजे धोका, एवढंच त्याला माहीत. नर-मादी घरटं सोडून उठतात आणि माणूस हटेपर्यंत हवेत घिरट्या घालत ओरडत राहतात.

सुळक्यावरची चढाई दहा मिनिटांत होत नाही. एका टप्प्यावर दोन-तीन तास सहज जातात आणि मोठ्या भिंतीवर दिवस जातो. तेवढा वेळ अंडं उघडं पडतं. फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी काळा बेसॉल्ट तव्यासारखा तापतो. एरवी आई-बाप पंख पसरून पिल्लावर सावली धरतात, ती सावलीच नाहीशी होते. कावळे टपलेले असतातच. आणि पिल्लू मोठं पण अजून उडता न येणारं असेल, तर घाबरून ते वेळेआधीच उडी टाकतं. ३०० मीटरच्या कड्यावरून पडलेलं पिल्लू परत वर ठेवायला कुणी येत नाही.

एक गोष्ट इथे स्पष्ट सांगायला हवी. भारतातली गिधाडं क्लायंबरमुळे संपली नाहीत. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९.९ टक्क्यांनी घटली आणि लांब चोचीची जवळपास ९७ टक्क्यांनी. कारण होतं डायक्लोफेनॅक, गुराढोरांना दिलं जाणारं वेदनाशामक औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या गिधाडांवर अभ्यास करून हे सिद्ध केलं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी हे औषध बंद झालं. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक यांवरही बंदी आली. या सगळ्यापुढे रोप घेऊन चढणारी चार पोरं म्हणजे किस झाड की पत्ती. पण १०० घरट्यांतलं एक बिघडणं आणि तीन घरट्यांतलं एक बिघडणं यात फरक आहे, आणि आपण आता दुसऱ्या परिस्थितीत आहोत.

कायदा काय म्हणतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचली तर अनेकांना धक्का बसेल. पक्ष्याला मारणं सोडाच, जंगली पक्ष्यांच्या अंड्यांना इजा करणं आणि अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणं हेही शिकारीत मोडतं. लांब चोचीचं गिधाड आणि बहिरी ससाणा दोघेही अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीसाठी किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, शिवाय दंड. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा दंड किमान २५ हजार रुपये झाला आहे.

म्हणजे घरट्याला त्रास देणं आधीपासूनच गुन्हा आहे. पण ते घरटं कुठल्या सुळक्याच्या कुठल्या बाजूला आहे आणि तिथे कधीपासून कधीपर्यंत जायचं नाही, हे क्लायंबरला सांगणारी व्यवस्था कायद्यातून आपोआप तयार होत नाही.

बाहेर हे कसं करतात?

अमेरिकेच्या योसेमिटी नॅशनल पार्कमध्ये जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध भिंती आहेत, एल कॅपिटन त्यातली एक. तिथे दरवर्षी साधारण १ मार्च ते १५ जुलै या काळात बहिरी ससाण्याच्या घरट्यांजवळचे ठरावीक मार्ग बंद असतात. अख्खी भिंत नाही, पार्क तर नाहीच. घरट्याच्या वरचे-खालचे-बाजूचे मार्ग तेवढे. कर्मचारी दुर्बिणीने लक्ष ठेवतात. यंदा जोडी त्या जागी बसलीच नाही असं दिसलं किंवा पिल्लं लवकर उडून गेली, तर बंदी मुदतीआधी उठते.

यामागे एक जुनी गोष्ट आहे. डीडीटीमुळे ससाण्यांच्या अंड्यांची कवचं इतकी पातळ व्हायची की उबवायला बसलेल्या मादीच्या वजनानेच ती फुटायची. १९७२ मध्ये अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली, पण तोवर पक्षी जवळपास संपले होते. मग घरट्यातली नाजूक अंडी काढून प्रयोगशाळेत उबवायची आणि पिल्लं परत घरट्यात नेऊन ठेवायची, असा प्रयोग झाला. पण एल कॅपिटनसारख्या भिंतीवर हे ने-आणीचं काम करणार कोण? अर्थातच क्लायंबर. १९९९ मध्ये बहिरी ससाणा अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. त्यामुळे तिथल्या क्लायंबरना ही बंदी वरून लादलेली वाटत नाही, पक्षी परत आणण्यात त्यांचाही हात आहे.

ब्रिटनमध्ये हे काम ब्रिटिश माउंटेनियरिंग कौन्सिल ही गिर्यारोहकांची संस्थाच पुढाकार घेऊन करते. पक्षी संरक्षण करणाऱ्यांसोबत बसून तारखा ठरतात, कुठला कडा कधी बंद याची यादी सगळ्यांसाठी खुली असते आणि कड्याच्या पायथ्याशी पाटी लागते.

भारतातलं जवळचं उदाहरण म्हणजे कर्नाटकातलं रामनगर. होय, ‘शोले’वालं. तिथल्या रामदेवर बेट्टावर लांब चोचीची गिधाडं घरटी करतात आणि रामनगरचे कातळ बंगळुरूच्या क्लायंबरचं आवडतं ठिकाण. २०१२ मध्ये या टेकडीभोवतीचं सुमारे ३४६ हेक्टर क्षेत्र गिधाड अभयारण्य झालं. म्हणजे इथे हंगामी नाही, कायमचीच चौकट आली.

मग आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे बंदी नवी नाही, तिचं कारण वेगळं असतं. कर्जत-खालापूरमध्ये पावसाळ्यात धबधबे आणि धोकादायक ठिकाणांवर जायला मनाईचे आदेश निघतात. पूर्वी कलम १४४ म्हणायचे, जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३ झालं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, त्यानंतर या भागात पावसाळी डोंगरांकडे बघायची नजरच बदलली. पण हे सगळं माणसांच्या जिवासाठी. आणि नेमकं पावसाळ्यात कड्यावरची घरटी रिकामी असतात! दुसरा प्रकार भीमाशंकरसारख्या अभयारण्याचा. कर्जतच्या खांडसहून वर चढलं की त्याची हद्द लागते आणि तिथे वर्षभर वन विभागाचे नियम.

नाशिकजवळच्या अंजनेरीत गिधाडं आणि कंदीलपुष्पाची दुर्मीळ जात यांमुळे डोंगराला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. पुढे तिथे वर गाडीरस्ता न्यायचा प्रस्ताव आला, तेव्हा पक्षीप्रेमींनी आणि स्थानिकांनी गिधाडांच्या घरट्यांचाच मुद्दा लावून धरला होता.

मात्र अमुक सुळक्याची अमुक बाजू डिसेंबर ते एप्रिल बंद, असा नेमका प्रकार सह्याद्रीत रुळलेला नाही. साहसी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्याचा भर आयोजकांच्या नोंदणीवर आणि सुरक्षेवर आहे.

इथे परदेशी तारखा उचलून चालणार नाही. योसेमिटीत मार्च ते जुलै बंद असलं तरी क्लायंबरला पुढचे महिने मिळतात. आपल्याकडे विणीचे महिने बंद म्हणजे जवळपास अख्खा सीझन बंद. आणि सगळेच कडे बंद केले तर फटका क्लायंबरपेक्षा पायथ्याच्या गावाला बसेल. पेठसारख्या गावात पिठलं-भाकरी आणि रात्रीचा मुक्काम यावर चार घरांचा हिवाळा निघतो. सरसकट बंदीचा आणखी एक तोटा आहे. ती पाळली जात नाही. लोक गुपचूप चढतात आणि मग घरटं दिसलं तरी कुणाला सांगत नाहीत.

त्यामुळे मला तरी योसेमिटीची तारीख नाही, पद्धत कामाची वाटते. घरटं असेल तेवढीच बाजू बंद, पिल्लं उडाली की खुली. त्यासाठी आधी घरटी माहीत हवीत. डोंगरातल्या ठाकूर आणि कातकरी माणसांना कुठल्या कपारीत काय बसतं हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. क्लायंबिंगचे ग्रुप दर वर्षी त्याच भिंतींवर जातात, त्यांच्याकडे जुन्या नोंदी असतात. तसंही सह्याद्रीतला क्लायंबर कडा ‘वाचून’च चढतो, कारण आग्या मोहोळ. वर पोळं दिसलं की मार्ग बदलायचा किंवा सरळ घरी जायचं, हा नियम इथे कुठल्याही पाटीशिवाय पाळला जातो. मधमाशी चावते आणि ससाणा चावत नाही, एवढाच काय तो फरक.

घरटं ओळखायचं कसं?

कपारीखाली कातळावर चुना ओघळल्यासारखे पांढरे पट्टे दिसले की ती विष्ठा असते, म्हणजे वर कुणीतरी नियमित बसतं. पायथ्याशी पिसं आणि हाडांचे तुकडे सापडतात. चढायला सुरुवात करण्याआधी अर्धा तास खाली बसून दुर्बिणीने बघितलं तर जोडी ये-जा करताना दिसते. चढताना एखादा पक्षी डोक्यावर घिरट्या घालत सतत ओरडत असेल किंवा अंगावर झेप घेत असेल, तर घरटं अगदी जवळ आहे. तेव्हा वर जाण्यापेक्षा रोपवरून खाली उतरणं बरं. ड्रोन उडवून ‘नक्की काय आहे’ ते बघायला जाऊ नये, ससाण्याच्या दृष्टीने तो घरट्यावर आलेला दुसरा शिकारी पक्षी असतो.

फोटो मिळाला तर लोकेशन टाकू नका. किल्ल्याचं नावही नको, कारण सुळका कुठला हे जाणकाराला मागच्या डोंगररेषेवरून कळतं. वन विभागाला मात्र नेमकी जागा आणि तारीख सांगा. स्थानिक वनरक्षकाचा नंबर नसेल तर महाराष्ट्र वन विभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन आहे, क्रमांक १९२६.