ऊसतोड स्थलांतर आणि बीड जिल्ह्यातील बालकांच्या आहार-सवयी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

बीड जिल्ह्यातील बालकांच्या आहाराचा इतिहास बहुधा दुष्काळ आणि धान्यपुरवठा यांच्या अंगाने लिहिला जातो. ताटात काय होते याची नोंद होते. तो घास कोणी आणि किती सवडीने भरवला, याची सहसा होत नाही. वस्तुतः खाण्याची सवय घडते ती मुख्यतः या दुसऱ्या बाबीतून.

परंपरेने उष्टावणानंतर मूल आजीच्या हाती येई. ज्वारीची भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून, चिऊ-काऊच्या नावाने एकेक घास भरवला जाई. मूल तोंड फिरवी, आजी थांबे, पुन्हा भरवी. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये मुलाची भूक ओळखून, सक्ती न करता, त्याच्याशी बोलत भरवावे अशी शिफारस केली. ती या रीतीहून फारशी वेगळी नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

१९७२ च्या दुष्काळाने ही सवड हिरावली. खडी फोडणाऱ्या मातांची मुले कामावरच सुकडी खाऊन राहिली. सुकडीने पोट भरले, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही. पुढे साखर कारखानदारी वाढली तसे पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी येथून ऊसतोडीचे हंगामी स्थलांतर वाढत गेले. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ ठरतो. म्हणजे माता ही त्या हिशेबात अर्धा कोयता असते. पहाटे फडात जाणाऱ्या मातेला सावकाश भरवण्यास वेळ कोठून मिळणार? कोपीवर राहिलेल्या धाकट्याला मोठी बहीण भरवते. ती स्वतःच लहान. रडणे थांबवायचे म्हणून चहात बुडवलेले बिस्किट वा शिळी भाकरी हातात दिली जाते आणि मूल भुकेपेक्षा रडण्याशी खाण्याचा संबंध जोडू लागते. गावी आजीजवळ राहिलेल्या मुलाला जुनी रीत लाभते. परंतु आईचे दूध मात्र अवेळी तुटू शकते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने गावात पूरक आहार आणला. तिची मूळ रचना मात्र वर्षभर गावातच राहणारे मूल गृहीत धरणारी होती. २००५ मध्ये औरंगाबाद येथून कार्यारंभ केलेल्या राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनने पहिल्या दोन-तीन वर्षांच्या वयावर भर दिला, हे महत्त्वाचे पाऊल होय. २०२१ मध्ये जाहीर झालेली संत भगवानबाबा वसतिगृह योजना शाळकरी मुलांसाठी आहे. उष्टावण नुकतेच झालेले मूल तिच्या कक्षेत येत नाही.