न्यायालयीन पुनर्विलोकन (अमेरिका)

कायदेमंडळाचा संविधानाशी विसंगत असलेला कायदा रद्दबातल ठरविण्याचा न्यायालयाचा अधिकार. अमेरिकेच्या संविधानात त्याचा स्पष्ट उल्लेख नाही; तो रुजला मार्बरी विरुद्ध मॅडिसन (१८०३) या खटल्यातून. निवडणूक हरलेले राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांनी पायउतार होताना विल्यम मार्बरी यांना स्थानिक न्यायाधिकारी नेमले. नेमणूकपत्रावर सही झाली, शिक्काही बसला. पण ते पोचते करायचे राहून गेले. हे काम ज्यांच्या खात्याचे होते, ते तत्कालीन परराष्ट्रमंत्री जॉन मार्शल हेच सरन्यायाधीश म्हणून खटल्यास बसले, ही गोष्ट आज खटकते. नवे परराष्ट्रमंत्री जेम्स मॅडिसन यांनी पत्र अडवून ठेवले होते. मार्शल यांचा निकाल मोठा धोरणी होता: मार्बरी यांचा हक्क खरा, परंतु १७८९ च्या अधिनियमातील ज्या कलमान्वये त्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, ते कलमच संविधानविरोधी. मार्बरी यांना पद मिळाले नाही.

या अधिकाराचा वापर नेहमी न्याय्यच झाला, असे नाही. १८५७ च्या ड्रेड स्कॉट निकालाने गुलामगिरीला बळ दिले. उलट १९५४ च्या ब्राउन निकालाने सरकारी शाळांतील वांशिक विभाजन घटनाबाह्य ठरविले. भारतात मूलभूत हक्कांपुरते हे तत्त्व संविधानाच्या अनुच्छेद १३ मध्ये लिखित स्वरूपातच आहे.