मल्लखांब : भाडेकरू ते घरमालक

मल्लखांबाची जन्मकथा सांगतात ती अशी. निजामाच्या मुलखातले अली आणि गुलाब हे दोन पैलवान पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी आले आणि त्यांनी आव्हान दिलं. बाळंभटदादा देवधरांनी वणीच्या सप्तशृंगीची उपासना केली, लाकडी खांबावर मेहनत केली आणि गुलाबला चीत केलं. आख्यायिकाच ती, तपशिलावर भांडण नको. पण आमचा धर्माबादचा परिसर तेव्हा निजामाच्याच मुलखात होता. इथल्या माणसानं टाळी नेमकी कुणासाठी वाजवायची?

कुस्तीचा हा सराव खेळ कसा झाला, ती वाटचाल मात्र कागदोपत्री आहे. १९५८ साली दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब पहिल्यांदा दिसला. १९६२ ला ग्वाल्हेरच्या स्पर्धेत त्याला रीतसर जागा मिळाली. मग १९७६ नंतर जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी तो वगळला. भाडेकरूला घर रिकामं करायला सांगावं, तसं. २८ आणि २९ जानेवारी १९८१ ला बामशंकर जोशींच्या पुढाकारानं उज्जैनला पहिली अखिल भारतीय मल्लखांब स्पर्धा झाली आणि खेळाला स्वतःचा महासंघ मिळाला. पुढे २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळाचा मान दिला तोही मध्य प्रदेशानं. आपण महाराष्ट्रातले लोक बाळंभटदादांच्या गोष्टी सांगत बसलो.

महासंघ आला की गुणांचं गणित येतं. एरंडेल चोळलेल्या सागवानी किंवा शिसवी खांबावर पोरगा पायांची अढी घालतो, दसरंगाची कसरत करतो, खांबाच्या टोकाच्या बोंडावर ताठ उभा राहून तोल सांभाळतो. वस्तादाला हे पाहताक्षणी कळतं. परीक्षकाला मात्र अवघडपणा, सफाई, उतरणं यांचे आकडे मांडावे लागतात.

फिलिपिन्सच्या अर्निसची अडचण याच जातीची. वेताच्या काठीची ही लढाई. सेबू शहरात १९८९ साली पहिली जागतिक स्पर्धा भरवणाऱ्या वेकाफ या महासंघाची गुणपद्धत बॉक्सिंगसारखी, फेरीमागे दहा गुणांची. इतर संघटनांचे नियम निराळे. सरकारनं २००९ मध्ये कायदा करून अर्निसला राष्ट्रीय युद्धकला आणि राष्ट्रीय खेळ ठरवलं, तरी एकच नियमपुस्तक सगळ्यांच्या हाती आलं नाही. २०१९ च्या आग्नेय आशियाई स्पर्धा फिलिपिन्समध्येच झाल्या, तेव्हा अर्निसच्या २० सुवर्णांपैकी १४ यजमानांनीच नेली.

त्याच वर्षी १६ आणि १७ फेब्रुवारीला शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली. दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे तिच्या मागे उभे होते. परदेशातल्या शिष्यांना त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं होतं. १५ देश आले. सांघिक विजेतेपद भारताकडे, दुसरा सिंगापूर, तिसरा मलेशिया, आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर फार मोठं. यजमानानंच सगळं लुटायचं ही इथलीही तऱ्हा, आणि मला ती अभिमानापेक्षा काळजीची वाटते.

घरात मात्र दिवस पालटले. त्या जागतिक स्पर्धेतली वैयक्तिक विजेती हिमानी परब पुढे अर्जुन पुरस्काराची मानकरी ठरली. २०२२ मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धा आणि गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा, दोन्हीकडे मल्लखांबाला पहिल्यांदा जागा मिळाली. आता पुढचं काम परीक्षकांचं : सिंगापूरच्या पोराची अढी तपासायला मुंबईहून माणूस पाठवावा लागू नये.