कोपर स्टेशन आणि डॅक्टिलस: नाव तेच, मोजमाप कुठलं?

ठाण्याहून कल्याणची स्लो लोकल पकडा आणि स्टेशनांची नावं छंदाच्या हिशेबाने मोजून बघा. ऱ्हस्व अक्षर लघु, दीर्घ अक्षर गुरू. पुढे जोडाक्षराचा आघात आला तर आधीचं ऱ्हस्वही गुरू.

कळवा: लघु-लघु-गुरू. आपल्याकडे हा स गण, लॅटिनमध्ये अ‍ॅनापेस्टस. कोपर: गुरू-लघु-लघु, म्हणजे भ गण, लॅटिन नाव डॅक्टिलस. ठाकुर्लीत तिन्ही गुरू, म्हणजे म गण; तिकडे मोलॉसस.

मग कोणी कोणाकडून घेतलं? थांबा. प्रत्येक जागी लघु किंवा गुरू असे दोनच पर्याय असतील, तर तीन अक्षरांचे गट 2×2×2 = 8 च होणार. पिंगलाचे य, म, त, र, ज, भ, न, स हे तेच आठ. हे साम्य गणितातून येतं. एवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही.

उसनवारी आहे ती वेगळ्या ठिकाणी. डॅक्टिलस हा मुळात ग्रीक शब्द, अर्थ ‘बोट’: एक लांब पेर, दोन आखूड. एनिअसने (इ.स.पू. 239–169) ग्रीक षट्पदी वृत्त लॅटिनमध्ये आणलं आणि जुनं सॅटर्नियन वृत्त मागे पडलं. पुढे इंग्रजीने हीच नावं उचलली, पण मोजला तो आघात, उच्चाराचा काळ नाही. नाव टिकलं, मोजायची गोष्ट बदलली.

मराठीतही हाच पेच आहे. वृत्तात ‘कोपर’ तीन अक्षरी. बोलताना मात्र आपण ‘कोपर्’ म्हणतो, दोनच. कळव्याचं होतं ‘कळ्वा’, म्हणजे दोन गुरू, स गण गायब! ओवी-अभंग तर या गणांच्या साच्यात बसतच नाहीत.

माधव जूलियन यांनी ‘छंदोरचना’त (1927, सुधारित आवृत्ती 1937) यातून वाट काढली. काय मोजायचं यावरून त्यांनी वर्ग पाडले: लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असेल तर वृत्त, मात्रा मोजल्या तर जाती, नुसती अक्षरसंख्या असेल तर छंद. ओवीला बिघडलेलं वृत्त म्हणायची गरजच उरली नाही.

संशोधनाच्या तयारीत असाल तर एवढं लक्षात ठेवा. दुसऱ्या शाखेतली संज्ञा उचलताना तिची व्याख्या पाठ करून भागत नाही. ती तिकडे काय मोजत होती आणि तुमच्या विदेत ते मोजता येतं का, हे आधी तपासा. व्हायव्हात प्रश्न तिथूनच येतो.